जितेपणी दिलेलं नाव

मुलांनो, जरा डोळे मिटा. असं समजा, की तुमच्या घरी एक नवी बहीण आली आहे. मुठीएवढं तोंड, आणि नाव अजून बाहेर फुटलेलं नाही, कारण नाव आधी सांगायचं नसतं. शनिवारी सकाळी बाबा प्रार्थनाघरात जातात, तिथे सगळ्यांसमोर ते नाव उच्चारलं जातं, आणि मग ते घरी येतं. नाव चांगलं आहे. अर्थ तर फारच चांगला : कळी. पण ते ऐकून घरातली निम्मी माणसं हसतात आणि निम्मी पांढरीफटक पडतात. असं का व्हावं? तेवढा प्रश्न मनात धरा आणि माझ्याबरोबर अफुला गावात एका ज्यू कुटुंबाकडे तिसऱ्या मजल्यावर चला. सावकाश चढा. त्या घरातली आजीही सावकाशच चढते.

आजीचं नाव नित्झा. त्या शनिवारी ती सकाळपासूनच दमली होती. ऑगस्ट महिना, खोऱ्यावरून येणारा वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा. तिनं कलिंगड कापायला घेतलं आणि अर्ध्यावर सुरी ठेवून स्टुलावर बसली. तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. मंगळवारी हैफाला ऑपरेशन ठरलं होतं. "हल्ली हे रोजचंच काम आहे," डॉक्टर म्हणाले होते. त्यांचं रोजचं असेल. नित्झाचं पहिलंच होतं.

ती या गावात आयुष्यभर बालवाडीची बाई होती. गावातली निम्मी तरुण माणसं तिच्याकडून नाक पुसून घेऊन मोठी झाली. कुणाचं वय काय, हे ती नुसत्या नावावरून सांगायची. झाडाचं किंवा रानफुलाचं नाव असलं, की ते मूल तिच्या पहिल्या वर्षांतलं. मग नावात 'माझं' घालायची लाट आली : लिओर म्हणजे माझा उजेड, लिताल म्हणजे माझं दव, लिरान म्हणजे माझं गाणं. पुढे नावं आखडत गेली. गाल म्हणजे लाट, स्ताव म्हणजे शरद ऋतू. मुलगा की मुलगी, ते मूल दारात आल्याशिवाय कळायचं नाही. मोठ्या सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ती मुलांना गोल करून बसवायची आणि एकेकाला विचारायची, "तुझ्या नावाचा अर्थ काय रे?" ज्याला ठाऊक नसे त्याला ती सांगायची, आणि ते मूल घरी जाताना जरा उंच होऊन जायचं.

तिच्या मुलीचं नाव इनबाल, म्हणजे घंटेतला लोलक. ही घंटा लहानपणी दिवसभर वाजायची. आता बाळंतपणानं थकून आतल्या खोलीत पडली होती, कुशीत तान्ही मुलगी. इनबालची थोरली, सहा वर्षांची केशेत, म्हणजे इंद्रधनुष्य, बाबांबरोबर प्रार्थनाघरात गेली होती. आणि नित्झाची मोठी बहीण द्वोरा शुक्रवारीच येऊन राहिली होती. द्वोरा म्हणजे मधमाशी. या अर्थाबद्दल घरात कुणी जास्त बोलत नसे.

"सुरी राहू दे," द्वोरा म्हणाली. "मी कापते. तू अशी दमत राहिलीस तर मंगळवारी डॉक्टरला करायला काही उरणार नाही."

"कापते आहेस तर पातळ काप, ताई. आणि खारं चीज काढ."

जिन्यात आधी केशेतच्या चपला वाजल्या. ती धावत आली, फ्रॉकचे दोन्ही खिसे गोड गोळ्यांनी फुगलेले.

"आजी, वरच्या सज्जातून बायका गोळ्या फेकत होत्या. एक बाबांच्या टकलावर बसली. टक्कन."

मागून इनबालचा नवरा लिरान आला, पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि त्याच्या दंडाला धरून त्याची आई सोलिका. ती दारातच थांबून श्वास घेत होती. शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून ती गाडीत बसत नसे. गावाच्या त्या टोकापासून उन्हातून चालत आली होती.

"आई, तुम्ही आधी बसा," लिरान सासूला म्हणाला.

"बसलेच आहे. सांग आता."

लिरान ताठ उभा राहिला. बालवाडीत कविता म्हणायला उभं राहिलेलं मूल असंच उभं राहतं.

"नित्झा," तो म्हणाला.

"अरे, ऐकते आहे. नाव काय ठेवलंस?"

"तेच. नित्झा. तुमचं नाव."

सोलिकानं तोंडाशी हात नेला आणि जीभ हलवत आनंदाची लांब लकेर काढली. स्वयंपाकघराच्या दारात द्वोराच्या हातातला डाव खाली पडला. तिनं तो उचलला नाही. डाव्या खांद्यावरून ती तीनदा थुंकल्यासारखं करून म्हणाली, "थू थू थू."

नित्झानं जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. वाकडंतिकडं मातीचं भांडं दोन्ही हातांत धरून 'हे तुला' म्हणत येणाऱ्या मुलाचं तोंड. अशा मुलाला भांडं गळतंय असं सांगत नाहीत.

"छान," ती म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

द्वोरानं मागोमाग येऊन दार लावलं.

"छान? छान म्हणालीस तू?"

"मग काय म्हणू? पोरगा घामानं निथळत उभा आहे."

"आपल्यात जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत, नित्झा. का ठेवत नाहीत ते आईनं आपल्याला जेवायला वाढता वाढता सांगितलंय. मृत्यूचा दूत नाव घेऊन येतो. दारात उभा राहतो, विचारतो, अमकी कोण? आणि घरात अमक्या दोन असल्या, तर…"

"ताई, पुरे."

"तर हलकी असेल ती उचलतो. त्याला काय, त्यालाही तीन मजले उतरायचे असतात."

"तू मानत नाहीस हे सगळं. जन्मात कधी मानलं नाहीस."

"नाहीच मानत," द्वोरा म्हणाली. "फक्त मंगळवारपर्यंत मानते."

कोपऱ्यात फ्रिजच्या आड काहीतरी खुडबुडलं. केशेत ग्लासात लाल सरबत ओतून घेत होती. ती तिथे कधीपासून होती कोण जाणे.

"कोण येणार आहे?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. सांडू नकोस," नित्झा म्हणाली.

जेवण झालं. लिराननं दोनदा वाढून घेतलं, सोलिकानं आपल्या हातची बदामाची मिठाई सगळ्यांच्या ताटांत ठेवली. नित्झा 'बाळ' म्हणाली, 'पिल्लू' म्हणाली, 'ती' म्हणाली. नाव तिच्या ओठांवर आलं नाही. ते येऊ नये म्हणून ती इतकी जपत होती की चमचा उचलायचेही तिला कष्ट पडू लागले.

हे सगळं तिला डोक्यानं ठाऊक होतं. सोलिकाच्या घरासारख्या, मोरोक्कोहून आलेल्या घरांत नेमकं उलटं असतं. तिथे आजी-आजोबा धडधाकट असतानाच नातवंडाला त्यांचं नाव देतात. तो मोठा मान, आणि त्यानं आयुष्य वाढतं अशी समजूत. तिच्या बालवाडीच्या फाटकाशी कितीतरी आईबाप यावरून भांडत आले होते, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, आणि तिनं त्यांना बसवून, पाणी देऊन, दोन्ही बाजू समजावून सांगितल्या होत्या. पण दुसऱ्याच्या घरचं भांडण सोडवायला डोकं लागतं. आपल्या घरचं सोडवायला श्वास लागतो, आणि तोच तिच्याकडे कमी होता.

आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःची भीती नव्हती. मंगळवारी तिला न्यायचं असेल तर न्यावं, त्यावरून ती कुणाशी वाद घालणार नव्हती. पण कुणी तिच्यासाठी आलं आणि चुकून पाळण्याशी थांबलं तर? हा विचार मूर्खपणाचा होता. तो मूर्खपणाचा आहे हे ती स्वतःला जितकं समजावत होती, तितका तो जवळ सरकून बसत होता. नाव बदलून घ्यायला हवं. आजच, सगळे इथे आहेत तोवर. म्हणजे लिरानला सांगायला हवं.

ती आतल्या खोलीत गेली. इनबाल बाळाला पाजत होती.

"तुला आवडलं नाही," इनबाल म्हणाली. मान वर न करताच.

"तू त्याला सांगायचं होतंस, इनबाल. आपल्याकडे काय असतं ते."

"सांगितलं होतं. तो घाबरला. म्हणाला, मग नको. मीच म्हटलं, माझी आई असलं काही मानत नाही, ती हसेल." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बाळंतिणीला रडायला फारसं निमित्त लागत नाही. "तू हसशील असं वाटलं होतं, आई. तू आज तिला घेतलंसुद्धा नाहीस."

"हात दुखतात माझे."

"काल नव्हते दुखत."

नित्झा गॅलरीत जाऊन बसली. जेवणानंतरचं ऊन रस्त्यावर आडवं पडलं होतं, चिटपाखरू नव्हतं. फक्त खाली चिंचोळ्या सावलीत द्वोराची गाडी उभी होती, आणि त्यात द्वोरा. "गाडीत गारवा आहे," असं सांगून ती खाली गेली होती. "नाव बदललंत की हाक मारा."

थोड्या वेळानं सोलिका आली. शेजारच्या खुर्चीत बसून तिनं चपला काढल्या आणि पाय एकमेकांवर घासले.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या ताई खाली का बसल्यात?"

"गारव्याला."

"हं. गाडीचं इंजिन बंद आहे."

मग नित्झानं सांगून टाकलं. दूत, दोन नावं, हलकी ती उचलतो, सगळं. सांगताना तिला लाज वाटली.

"म्हणजे आम्ही तुम्हाला मान द्यायला गेलो," सोलिका म्हणाली, "आणि तुमच्या घरात साप सोडला."

"असं नका म्हणू. लिरानच्या मनात…"

"लिरानच्या नाही. माझ्या मनात होतं ते. रिवाजानं ही पाळी माझी होती. बाळाच्या बापाच्या आईचं नाव आधी. थोरल्या सुनेनं तिच्या मुलीचं नाव लिया ठेवलं, धाकटीनं रोमी, इथे केशेत. मी काही बोलले नाही. सोलिका हे नाव आता कोण ठेवणार? पण लिरान आला आणि म्हणाला, आई, या वेळी तुझंच. दुसरं नाव म्हणून तरी. मी म्हटलं, नाही. तिचं ठेव. तिला मंगळवारी जायचंय. कुणीतरी तिचं नाव धरून बसायला हवं." तिनं पदराएवढ्या मोठ्या रुमालानं मान पुसली. "बदलायचं तर बदला. लिरानला मी सांगते. तो रुसेल, मग जेवेल, मग ठीक होईल. लहानपणापासून असंच आहे त्याचं."

आपण काय मागायला बसलो होतो ते नित्झाला आता कळलं. या बाईनं आयुष्यभर वाट पाहिलेली गोष्ट उचलून तिच्या ओंजळीत ठेवली होती, आणि ती ओंजळ झटकायची जागा शोधत होती.

"तुमचं नाव कुणाचं?" तिनं विचारलं.

"आजीचं. ती चांगली जिवंत होती. एकाच घरात दोघी. कुणी 'सोलिका, ये, खाऊ' म्हटलं की दोघी ओ द्यायचो. 'सोलिका, भांडी' म्हटलं की दोघीही बहिऱ्या." ती हसली. "आणि तुमचं?"

"माझं कुणाचंच नाही," नित्झा म्हणाली. "ताईचं नाव आमच्या मेलेल्या आजीचं. भावाचं मेलेल्या काकांचं. रोमानियाहून बोटीनं आले तेव्हा वडिलांकडे सामान थोडं होतं, मेलेल्यांची नावं मात्र खूप. मी इथे जन्मले. आई म्हणाली, आता माझ्या बहिणीचं नाव ठेवू. वडील म्हणाले, नको. या एका पोरीच्या नावात कुणी मेलेलं नको. मग त्यांनी खिडकीबाहेर बघून नाव ठेवलं. बदामाच्या झाडाला कळ्या आल्या होत्या."

नित्झा थांबली. आपण आत्ता काय म्हणालो ते तिचं तिनंच पुन्हा ऐकलं. कुणी मेलेलं नको. आज नाव दिलं तर त्यात कुणी मेलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी, किंवा मंगळवारनंतर, तसं सांगता येणार नव्हतं.

पण भीती अशी एका वाक्यानं जात नाही. ती फक्त खुर्ची बदलते. नित्झा उठून बैठकीत आली आणि सोफ्यावर आडवी झाली. लिरान जमिनीवर उशी घेऊन घोरत होता. केशेत सोफ्याच्या हातावर बसली, गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सारत.

"आजी, तो चुकेल का?"

"कोण?"

"मावशीआजी म्हणाली तो. नाव घेऊन येणारा."

नित्झानं आयुष्यात मुलांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या होत्या, पण न ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी कधी सांगितली नव्हती.

"मला माहीत नाही, केशेत. तो आहे की नाही हेही माहीत नाही."

"आमच्या बालवाडीत दोन ओरी आहेत," केशेत म्हणाली. "घरी जायच्या वेळी शोशीबाई फाटकात उभ्या राहतात. कुणी म्हटलं, ओरीला न्यायला आलोय, की त्या विचारतात, कुठला ओरी? आणि तुम्ही कोण? नाही सांगितलं तर सोडतच नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं. मीही तसंच करायचे."

"मग आपल्या दारात कुणीच का नाही?"

नित्झा कोपरावर जरा उठली.

"आणि त्यानं बरोबर नाव सांगितलं तर?" तिनं विचारलं. "समजा, मोठीच हवी म्हणाला?"

केशेतनं गोळी चावून टाकली. "तर सांगायचं, मोठी झोपलीय. छोटी दूध पितेय. नंतर या."

नित्झाला हसू आलं. हसताना धाप लागली, धाप लागली म्हणून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थांबेपर्यंत बराच वेळ गेला. आवाज ऐकून इनबाल बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. गॅलरीच्या दारात सोलिका.

"आण तिला," नित्झा म्हणाली. "हात दुखत नाहीत माझे."

इनबालनं बाळाला तिच्या छातीवर ठेवलं. ते दुधानं जड झालेलं, उन्हासारखं गरम होतं. मंगळवार होता तिथेच होता. नित्झाचा थकवाही गेला नव्हता, तो तिच्या अंगावर बाळाच्या शेजारी पसरून पडला होता. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेलं.

"नित्झा," ती म्हणाली.

स्वतःला हाक मारायची सवय कुणाला असते? तिला ते नाव परक्याचं वाटलं, मग जरा कमी परक्याचं. तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. बाळानं ओ दिली नाही. फक्त एक जांभई दिली. सोलिका गॅलरीच्या दारातच खाली बसली आणि रुमालानं तोंड पुसत राहिली, जणू सगळा घामच होता.

केशेत एवढ्यात उठली होती. तिनं आपली प्लास्टिकची पिवळी खुर्ची खोलीतून फरफटत आणून बाहेरच्या दाराशी ठेवली, दार लावलं, साखळी घातली आणि फ्रॉक गुडघ्यांवर नीट करून बसली.

जिन्यात पावलं वाजली. जड, थांबत थांबत येणारी. मग दारावर थाप पडली.

केशेतनं साखळीपुरतं दार उघडलं. फटीत द्वोराचं लालबुंद तोंड दिसलं.

"उघड गं. गाडीची नुसती भट्टी झालीय."

"कोण हवंय?"

"कोण हवंय म्हणजे? मी आहे, मावशीआजी."

"ते दिसतंय. पण न्यायला आलात की भेटायला?"

"भेटायला, बाई, भेटायला."

"कुठल्या नित्झाला? मोठी झोपलीय. छोटीचं दूध झालंय."

द्वोरानं जिन्याकडे वळून पाहिलं, खाली तिची तापलेली गाडी होती. मग तिनं पुन्हा फटीतून आत पाहिलं. सोफ्यावर तिची धाकटी बहीण पडली होती, आणि बहिणीच्या छातीवर ते मुठीएवढं डोकं.

"दोघींना," ती हळूच म्हणाली. "दोन्ही नित्झांना."

दोघींना, असं आजवर कुणी फाटकात म्हटलेलं केशेतनं ऐकलं नव्हतं. तिनं थोडा विचार केला. मग मावशीआजीच्या तोंडावर दार हळूच लावून घेतलं, आणि काय करायचं ते विचारायला आत गेली.